गाडीतला बंब

नाशकात गाडीला हीटर लागतो असं म्हटलं की लोक आधी तुमच्या तोंडाकडे बघतात आणि मग हसतात. मीही हसायचो. माझी थोरली बहीण, आमची ताई, तिची ती हिरवी विलायती गाडी घेऊन फार वर्षांपूर्वी एका मेकॅनिककडे गेली होती. त्याने हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या काढल्या, एकमेकींना जोडून टाकल्या आणि वर ऐकवलं, "मॅडम, इथे हीटर कशाला? इथे एसी लागतो." ही गोष्ट ताई वर्षानुवर्षं विनोद म्हणून सांगायची, त्या मेकॅनिकची नक्कल करून. गेल्या हिवाळ्यात मात्र तिला त्या विनोदाचं हसू येईना.

आधी गाडी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दोन सीटांची, बुटकी, बसलं की बूड रस्त्याला लागेल अशी. वर कापडी टप आहे, पण तो बहुधा पाऊस गाळून आत घ्यायलाच शिवलेला असावा. ताईच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भावजींनी, ती तरुणपणी एका द्राक्षबागायतदाराच्या शेडमधून उचलून आणली. तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. आमच्या सगळ्या गंगापूर रोडने भावजींना वेड्यात काढलं होतं. त्यांनी ती सुटी केली, जोडली, रंगवली आणि ताईला शेजारी बसवून दिंडोरी रोडला फिरवून आणली. ताई म्हणाली, "आता तुम्ही शेजारी बसा." तेव्हापासून ती गाडी ताईची झाली.

ही गाडी उन्हाळ्यात तवा असते आणि पावसाळ्यात बादली. चालवायची ती फक्त थंडीत. भावजी गेल्यावरही ताईने नेम मोडला नाही. साठी उलटलेली बाई, कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेली, कानाला मफलर गुंडाळून सकाळी सकाळी एकटीच निघायची. मी एकदा म्हटलं, एवढ्या गारठ्यात कशाला मरायला जातेस? तर म्हणाली, "तेवढा वेळ मला कुणी मॅडम म्हणत नाही, आजी म्हणत नाही, की गोळ्या घेतल्या का म्हणून विचारत नाही."

मग तिला कॅन्सर झाला. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही, ज्यांच्या घरात झालाय त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. किमोने तो गेला, पण जाताना तिच्या हातापायांची बोटं बधिर करून गेला. उन्हात, दुपारी, ठीक असायची. गारठा लागला की संपलं. फ्रीजमधली बाटली ती नॅपकिनात धरायची. आणि पाय! "गार पडले ना, की पावलं असतात पण माझी नसतात," ती म्हणायची. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल, ऊब द्या, घाई करू नका.

घाई करू नका हे वाक्य आमच्या ताईला सांगण्यात काय अर्थ आहे! पहिली थंडी पडली तशी तिने गाडी काढली. मी फाटकाशी उभा होतो. गाडी मागे येत होती, येत राहिली, आणि माझ्या डोळ्यांदेखत फाटकाच्या खांबाला जाऊन बसली. ताई आत ताठ. "मी ब्रेक दाबला," ती म्हणाली. मग वाकून पायाकडे बघितलं. पाय ब्रेकवर नव्हताच, दोन पेडलांच्या मधल्या पत्र्यावर होता. तिला ते बघून कळलं, पायाने कळलं नाही. मी जाऊन आधी हँडब्रेक ओढला.

जाड मोजे घालून बघितले, लोकरीचे बूट घालून बघितले. त्या गाडीची पेडलं इतकी जवळजवळ आहेत की जाड बुटाने एकदम दोन दाबली जातात. शेवटी ताईनेच फैसला केला. गाडी मागणारा एकजण होता, पिंपळगावचा द्राक्ष निर्यातदार, माणूस चांगला होता, गाडीची कदर करणारा. त्याला तिने निरोप दिला की या थंडीत माझे पाय परत आले तर आले, नाहीतर थंडी संपता संपता येऊन गाडी घेऊन जा. मला म्हणाली, "दुसऱ्याच्या शेजारी बसून फिरायला मला गाडी नको. स्वतःला चालवता येत नसेल तर ती माझ्या दारात उभी नको."

मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये हाडं झिजवलेली. निवृत्त झाल्यापासून बायकोच्या मते मी घरातल्या चांगल्या चाललेल्या वस्तू बिघडवतो. तर मी मनाशी म्हटलं, अरे, या गाडीत हीटर आहे की! तो नेमका पायांवरच वारा सोडतो. मेकॅनिकने नळ्या तोडल्या असतील, पेटी तर जागेवर असेल. ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, "कोंबड्यांच्या काळातला बंद हीटर? बघ बाबा, तुला दुसरा उद्योग नाही." पण गॅरेजची किल्ली तिने लगेच काढून दिली.

बॉनेट उघडलं. इंजिनाच्या मागे, अगदी कोपऱ्यात, काळी पत्र्याची पेटी, शिलाई मशीनच्या लाकडी झाकणाएवढी. स्क्रू गंजून एकजीव झालेले. दोन दिवस तेल पाजलं, ठोकलं, शिव्या दिल्या, तेव्हा कुठे ती हलली. बाहेर काढून ओट्यावर ठेवली आणि झाकण उघडलं तर आत काय? कडुनिंबाच्या काड्या, कुंभारमाशीची मातीची घरटी, उंदराने केव्हाची तरी कुरतडून आणलेली चिंधी. आणि स्पंजच्या पट्ट्या होत्या त्यांचा हात लावताच काळा भुगा झाला. ताई नाकाला पदर लावून बघत होती. "काय ही शोभा!" ती म्हणाली आणि आत निघून गेली.

मी मात्र तिथेच मांडी घालून बसलो. ते सगळं झाडून काढल्यावर पेटीचा आतला भाग दिसला आणि मी थक्क झालो. तिच्यात काही म्हणजे काहीच नव्हतं! एका बाजूला छोटा पंखा. मधे एक पितळी जाळी, म्हणजे एकमेकींना चिकटून उभ्या केलेल्या बारीक नळ्या आणि त्यांच्यामधे तांब्याच्या पातळ पापुद्र्यांच्या घड्या. आणि खाली एक झडप. बस्स. इंजिन गार ठेवायला त्याच्याभोवती जे पाणी फिरतं ते तापतंच, ते फुकट जायचं. त्यातलं थोडं या जाळीतून फिरवायचं, पंख्याने जाळीतून वारा सोडायचा आणि झडप उघडली की तो वारा खाली, पायांवर. ज्याने कुणी हे शोधून काढलं तो दूर कुठल्यातरी ओल्या थंडीच्या देशातला माणूस. त्याने वेगाचा विचार केला असेल, ऐटीचा केला असेल, सगळं ठीक आहे. पण त्याने दोन माणसांच्या पावलांचा विचार केला होता. मला ते फार मोठं वाटलं, आजही वाटतं.

आणि मला एकदम हसू आलं, कारण हे यंत्र मी ओळखत होतो. आम्ही जातीचे तांबट. वडिलांचं भांडीबाजारात दुकान होतं, हंडे, घागरी, पराती आणि मुख्य म्हणजे अंघोळीच्या पाण्याचे बंब. बंबात मधे विस्तव आणि भोवती पाणी. इथे मधे गरम पाणी आणि भोवती वारा. बंबच उलटा केलेला! मी ताईला हाक मारून सांगितलं. तिने पेटीत डोकावून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "बाबांनी हे सकाळी बघून संध्याकाळपर्यंत करून दिलं असतं." ते खरं होतं.

मग कामाला लागलो. पेटीचा तळ गंजून पापडासारखा झाला होता, तो कापून नवा पत्रा बसवला. गंज खरवडला, काळा रंग दिला. झडपेची बिजागरी मोकळी केली. पंख्याच्या मोटरला बॅटरीच्या दोन तारा लावल्या तर ती आधी नुसतीच थरथरली, मग जी गरगरायला लागली की ओट्यावरचा सगळा भुगा माझ्या डोळ्यांत. इतक्या वर्षांनी! आमच्या घरचे मिक्सर दोन वर्षं टिकत नाहीत. झडपेच्या कडेला स्पंजऐवजी घोंगडीच्या पट्ट्या चिकटवल्या, त्या उष्णतेला घाबरत नाहीत. शेवटी पितळी जाळी. तिच्यात पाणी भरून ठेवलं, रात्रभर थेंब गळाला नाही. बाहेरून काळी ठिक्कर होती, पण मला तिच्या रंगाशी काय करायचं होतं? गळत नाही म्हटल्यावर मी खूश. पाणी ओतून ती ताईच्या ओट्यावर वाळत ठेवली आणि बायकोबरोबर नांदगावला तिच्या भाचीच्या लग्नाला गेलो.

परत आलो तर ताई दारातच उभी. चेहऱ्यावर असं हसू की मला वाटलं रिपोर्ट चांगला आला. "ये, तुला गंमत दाखवते," म्हणाली. ओट्यावर वर्तमानपत्र आणि त्यावर ती जाळी. सोन्यासारखी! कुठे काळा डाग म्हणून नाही. तिच्या शेजारी देवघरातली समई, ताम्हन, घंटी, सगळी वरात घासूनपुसून मांडलेली.

"हे काय केलंस?" मी म्हटलं.

"चिंचेच्या कोळात बुडवून ठेवली रात्रभर. सकाळी मीठ लावून काथ्याने घासली. तू ती तशीच बसवणार होतास की काय? तांबटाच्या घरात जन्मलास आणि पितळ काळं ठेवतोस?"

आता हे कुणाला सांगायचं? दुसऱ्या कुठल्या घरात हे घडलं असतं? कुणी वायर ब्रश मारला असता, कुणी रंग दिला असता, कुणी हातही लावला नसता. पण आमच्याकडे पितळ दिसलं की हात आपोआप चिंचेकडे जातो. आणि जुन्या पितळेवरची ती काळी खपली म्हणजे नुसता मळ नसतो. कित्येक बारीक भोकं तिनेच बुजवलेली असतात.

मी जाळी उचलली, एका तोंडाला बूच मारलं, दुसऱ्यातून पाणी सोडलं. बोंबला! इथून, तिथून, जिथे बघावं तिथून पाण्याचे केसासारखे बारीक फवारे. माझ्या शर्टावर, ताईच्या साडीवर. आणि माझं डोकं फिरलं. मी नाही नाही ते बोललो. तुला कुणी सांगितलं होतं, हात लावायच्या आधी विचारायला काय झालं होतं, स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा पाडून घेतलास. शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मला कळलं काय बोललो ते. ताईने समई, ताम्हन, घंटी एकेक करून उचलली आणि आत गेली.

मी तिथेच बसून राहिलो. राग होताच, पण काय सांगू, त्या जाळीवरून नजर हटेना. उचलून उन्हाकडे धरली. त्या शेकडो घड्यांमधून ऊन गाळून माझ्या हातावर पडलं, तांबूस, मोहोळासारखी घरं पडलेलं. एवढी नाजूक वस्तू आणि ती काय म्हणून बनवली, तर कुणाला न दिसणाऱ्या पेटीत बंद करून ठेवण्यासाठी. करणाऱ्याला माहीत होतं की ही कुणी बघणार नाही. तरी एकही घडी वाकडी नव्हती. आणि ती इतक्या वर्षांनी अशी झळाळली ती कुणामुळे? ज्या बोटांना सुई धरता येत नव्हती त्या बोटांनी काथ्या धरून घासली होती. ही गोष्ट मला तेव्हा सुचली, ओरडायच्या आधी सुचायला हवी होती.

आत गेलो. ताई खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर.

"दे देऊन गाडी," ती म्हणाली. "माझ्याच हाताने झालं, बरं झालं. तुला दोष नको."

"देऊन काय टाकतेस? बाबांकडे गळका बंब आला की बाबा गिऱ्हाइकाला परत पाठवायचे का?"

"नाही."

"काय करायचे?"

ती मग म्हणाली, "पाणी भरायचे आणि बाहेरून कोरडी राख भुरभुरायचे. राख जिथे काळी पडेल तिथे डाग द्यायचे."

डाग देणं म्हणजे कथील वितळवून भोक बुजवणं. आम्ही दोघं लहानपणी ते बघत बसायचो. आता पंचाईत एकच होती, गॅसच्या घरात राख आणायची कुठून? ताई उठली आणि रांगोळीचा डबा घेऊन आली. चिमटीत घ्यायला गेली तर चिमूट धरेना, रांगोळी नुसती गळून जायची. तिने एकवार बोटांकडे बघितलं, "मरो ती चिमूट" म्हणाली आणि स्वयंपाकघरातून चहाचं गाळणं आणलं. मी जाळी पुसून कोरडी केली, हळूहळू पाणी भरत गेलो आणि ती गाळण्याने वरून रांगोळी चाळत गेली. सगळी जाळी पांढरी झाली. आम्ही दोघं श्वास रोखून बघत बसलो. आणि मग एक ठिपका ओला झाला. मग त्याच्या खाली दुसरा. "हा बघ! हा बघ, इथे!" ताई शाळकरी पोरीसारखी ओरडत होती. प्रत्येक ठिपक्याला मी खिळ्याने खूण करत होतो. तासाभरापूर्वी आम्ही एकमेकांचं तोंड बघत नव्हतो हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

माझ्याकडे वडिलांचा डाग द्यायचा दांडा होता, तांब्याच्या टोकाचा, माळ्यावर पडलेला. कोळशाची शेगडी पेटवली. दांडा तापवून, टोक साफ व्हायला नवसागराच्या खड्यावर घासला तसा तो पांढरा धूर उठला, नाकात झोंबणारा. ताई दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "बाबा आले." त्या वासात आमचं सगळं लहानपण होतं, दुकानाची पायरी, ठोक्यांचा आवाज, बाबांचे काळे हात. माझा हात टूलरूममध्ये तयार झालेला, तिथे सगळं मापात. इथे माप नव्हतं. कथील वितळून भोकात आपणहून ओढलं जायचं आणि क्षणात चमकून थिजायचं, ते होताना बघून मला दर वेळी नवल वाटत होतं. बाबा हे दिवसभर करायचे आणि आम्ही त्यांना नुसतं दुकानदार समजायचो. एक नळी फारच चाळण झाली होती, ती दोन्ही टोकांनी कायमची बुजवून टाकली. पुन्हा रांगोळी, पुन्हा ठिपके, पुन्हा डाग. तिसऱ्या खेपेला रांगोळी पांढरी शुभ्र राहिली. ताईने हात जोडले. कुणाला ते मी विचारलं नाही.

मग दुपारी ओट्यावरच चाचणी घेतली. गीझरचं पाणी बादलीत, कूलरचा छोटा पंप त्यात सोडला, पाणी जाळीतून फिरवलं आणि पंखा लावला. झडपेतून वारा आला तो आधी गार, मग कोमट, मग चांगला गरम. मी हात पुढे धरून बसलो तो काढवेना. ताईने चप्पल काढून पाय पुढे केले. "छान लागतंय," म्हणाली. पण दुपारचं ऊन होतं, दुपारी तिला तसंही कळायचंच. आम्हा दोघांनाही माहीत होतं की याला काही अर्थ नाही. खरी परीक्षा पहाटेच्या रस्त्यावर.

पेटी बसवायला मला पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली शिरावं लागलं. माझं पोट आणि ती गाडी यांचं जमत नाही. नळ्या नव्या घातल्या, पाण्याचा कॉक सोडवला, झडपेची तार जोडली. तेवढ्यात थंडीने जोर धरला. पेपरात निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या. ताईने फोन केला, "उद्या."

उजाडायच्या बेताला निघालो. ती चालवणार, मी शेजारी. मी स्वेटर, त्यावर जॅकेट, त्यावर शाल. ती पातळ कॅनव्हासच्या बुटात. गंगापूर रोड रिकामाच होता. इंजिन गार म्हणजे पाणी गार, पाणी गार म्हणजे झडपेतून येणारा वाराही गार. हे मला ठाऊक होतं, पण पायांना लागल्यावर कळलं की मी किती मोठी चूक केली. आधी इंजिन उभ्यानेच तापवायला हवं होतं. दिंडोरी रोडला लागलो तोवर ताईचा क्लच धक्के द्यायला लागला. गिअर टाकताना खर्रकन आवाज. मी तिच्याकडे बघितलं.

"गेले," ती म्हणाली. "दोन्ही."

"थांबव. मी घेतो."

"थांब रे."

"ताई, हट्ट करू नकोस, अजून एखादा खांब..."

"तापू दे म्हटलं ना!"

ती हळू चालवत राहिली, रस्त्याच्या कडेने, दात आवळून. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. मणी थंडीने तडकू नयेत म्हणून बागवाल्यांनी ओळींच्या कडेने शेकोट्या पेटवल्या होत्या, धूर जमिनीलगत पसरून राहिला होता. मी हात खाली घालून वारा बघत होतो. गार. गार. मग वाटलं भास झाला. मग नाही, भास नव्हता. कोमट. आणि मग माझ्या नडग्यांवर ऊब अशी आली, कुणी पायांवर हळूच गोधडी टाकावी तशी. वर तोंड गोठलेलं, नाकातून पाणी, कानांना दडे, आणि खाली पाय उबेत. मी ताईला सांगणार होतो, पण ती पुढे बघत होती आणि तिच्या ओठांची हालचाल चालली होती.

तेवढ्यात डावीकडच्या बागेतून फवारणीचा ट्रॅक्टर सरळ रस्त्यावर आला, बघणं नाही, थांबणं नाही. मी ओरडलो. मी ओरडायच्या आत गाडी थांबली होती. अलगद. झटका नाही, काही नाही. ट्रॅक्टरवाला हात दाखवून निघून गेला. ताईने गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं.

"कळला? ब्रेक कळला?"

"गप्प बस जरा." तिने डोळे मिटले होते. "टाचेला मुंग्या आल्या. आता चवडा... थांब, बोलू नकोस... अरे, अंगठा आला! आला रे अंगठा!"

पाहुणा दारात आल्यासारखं ती सांगत होती. हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मीही रडलो, सरळ रडलो. एक पत्र्याची पेटी, एक पितळी जाळी, फुकट जाणारं गरम पाणी. त्याने माझ्या बहिणीची पावलं तिला परत आणून दिली होती, निदान त्या सकाळपुरती तरी.

ताईने डोळे पुसले आणि म्हणाली, "उतर."

"काय?"

"खाली उतर. मला जाऊन येऊ दे."

"वेड लागलं का? आत्ता कुठे..."

"अरे, किती महिने झाले," ती म्हणाली, आवाज न चढवता, "बाथरूमची कडीसुद्धा लावू देत नाही तुम्ही मला. उतर."

मी उतरलो. दुसरं काय करणार होतो? शाल सावरत रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. गाडी निघाली. पहिल्याचा दुसरा झाला तो मला ऐकू आला, खर्र नाही, काही नाही. मग तिसरा. मग चौथा, लांबून. क्लचवरच्या डाव्या पायाचंही कळत होतं तिला. लाल दिवे धुरात दिसेनासे झाले.

मागच्या बागेतला माणूस हातात काठी घेऊन बांधावर आला. "काय वो, गाडी बंद पडली का?"

"नाही. बहीण घेऊन गेली."

"एकलीच? लय थंडी हाय वो. या शेकायला."

मी हललो नाही. बऱ्याच वेळाने तिकडून आवाज आला, मग दिवे, मग गाडी. ताई येत होती, मफलर सुटून मागे उडत होता, तोंड लाल झालेलं. माझ्यापाशी वेग कमी केला. मी दाराकडे हात नेला. तिने एक बोट वर केलं, अजून एकदा, असं, आणि हसून गिअर बदलला आणि नाशिकच्या दिशेने निघूनसुद्धा गेली.

"इसरल्या का काय बाई तुम्हाला?" तो माणूस म्हणाला.

"विसरू द्या," मी म्हणालो, आणि त्याच्या शेकोटीपाशी जाऊन बसलो.